आमची वाटचाल: साताऱ्याचा गोडा मसाला आणि पुडीवरचं नाव

आईच्या हातचा गोडा मसाला कांडपावर कुटून आणायचा, घरी पुड्या भरायच्या आणि ओळखीच्या किराणा दुकानांत ठेवायच्या, अशी आमची सुरुवात साताऱ्यात झाली. पुडीवर आईचंच नाव. गिऱ्हाईक ते नाव घेऊन मसाला मागू लागलं, तेव्हापासून धंद्याला खरं बळ आलं.

मग शेजारच्या तालुक्यात त्याच नावाच्या, त्याच रंगाच्या पुड्या दिसू लागल्या. वकीलसाहेब म्हणाले, नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी नसली तरी ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्याने स्वतःचा माल खपवल्याचा, दावा करता येतो, पण बाजारातली आपली पत पुराव्यानिशी सिद्ध करत बसावं लागतं. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नोंदणी असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी, म्हणजे मालाच्या एका प्रकारासाठी, 4,500 रुपये. मसाले वर्ग 30 मध्ये येतात. वडिलांनी जुनी बिलबुकं जपून ठेवली होती, ती अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राला जोडली. परीक्षणात एका मिळत्याजुळत्या नावावरून हरकत आली, तेव्हा याच बिलांनी आम्हाला तारलं. ट्रेडमार्क कायद्याचं कलम 34 नाव आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क राखतं. धंदा करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, जुनी बिलं रद्दीत घालू नका. पुढे सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव छापून आलं, त्यावर कुणाला विरोध नोंदवायचा असेल तर त्याची चार महिन्यांची मुदत सरली आणि दहा वर्षांचं प्रमाणपत्र हाती पडलं. वकिलाच्या एका नोटिशीवर नकली पुड्या थांबल्या.

दुबईची मागणी आली तेव्हा तिथला व्यापारी म्हणाला, “नोंदणी माझ्या नावावर करतो, खर्चही माझाच.” आम्ही स्पष्ट नकार दिला. तसं झालं असतं तर तिथे आईच्या नावाचा मालक तो ठरला असता. भारतातली नोंदणी भारतापुरतीच असते. एकाच अर्जाने अनेक देशांत ट्रेडमार्क मागता येणाऱ्या माद्रिद प्रोटोकॉल या करारात भारत 2013 साली आणि दुबई ज्यात येते ती संयुक्त अरब अमिराती 2021 च्या डिसेंबरात आली, त्यामुळे इथल्याच ट्रेडमार्क कार्यालयामार्फत जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, अर्ज गेला. संरक्षण द्यायचं की नाही, हे मात्र तो तो देश आपल्या कायद्याने ठरवतो. शिवाय पहिली पाच वर्षं इथली मूळ नोंदणी कोसळली तर बाहेरचीही कोसळते.

या अर्जात अमेरिकेचं नाव आम्ही अजून घातलेलं नाही. तिथे पुढे प्रत्यक्ष वापराची घोषणा द्यावी लागते आणि आमचा माल अजून तिकडे जात नाही. गेला की याच आंतरराष्ट्रीय नोंदणीत तो देश जोडता येईल.