मिठाची डबी म्हणजे रेफ्री

गोव्यात चार दिवस राहून आम्ही समुद्रात पाय बुडवला तो एकदाच, कोलव्याला, तोही जेमतेम अर्धा तास, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. कारण त्या ट्रिपमधलं मला जे आठवतं ते सगळं मडगावातल्या एका बाल्कांवात घडलं, रात्री साडेदहा ते पावणेदोन. बाल्कांव म्हणजे गोव्याच्या जुन्या घरांना पुढे असतो तो छोटा ओटा, दोन्ही बाजूंना बसायला सिमेंटचे सोपे असलेला.

आम्ही चौघं कोल्हापूरचे. मी, माझा आत्तेभाऊ आणि तालमीतले दोन मित्र, त्यातला एक आमच्या पेठेचा जुना गोलकीपर. कोल्हापुरात फुटबॉल काय चीज आहे ते ज्यांनी शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच बघितलीय त्यांना सांगायला नको. मी अर्जेंटिनावाला, लहानपणापासून, आत्तेभाऊ ब्राझीलवाला, म्हणजे घरात सणासुदीला पण भांडण. १८ डिसेंबर २०२२ ला अर्जेंटिना-फ्रान्स फायनल होती आणि माझं म्हणणं होतं की फायनल बघायची तर गोव्यात बघायची, तिथे गल्लीगल्लीत फुटबॉल आहे. १६ तारखेला शुक्रवारी पहाटे निघालो, आजरा, आंबोली, सावंतवाडी, पत्रादेवी, इथपर्यंत सगळं मस्त. पुढे आगशीपासून जे अडकलो ते झुआरी पूल ओलांडून कुठ्ठाळीला पोचेपर्यंत पावणेदोन तास. शेजारी नवा पूल बांधून उभा दिसतोय, त्याची एक बाजू सुरू झाली ती आम्ही परत आल्यावर दहा दिवसांनी. डोळ्यासमोर रिकामा पूल आणि आपण जुन्या पुलावर ट्रकच्या मागे धूर खात बसलोय, असला ताप शत्रूला पण नको.

त्यात मडगावला पोचलो तर जिथे ऑनलाइन बुकिंग केलेलं त्यांनी सांगितलं रूम नाही, फायनलचा वीकेंड आहे, पाहिजे तर दुप्पट पैसे द्या. पैसे भरलेले, मेसेज दाखवतोय, तरी नाही. मला याची प्रचंड चीड आहे, सीझनला शब्द फिरवणारी माणसं. चहाच्या गाड्यावर हताश होऊन बसलेलो तर गाडेवाल्यानेच एका घराचा पत्ता दिला, फातोर्ड्याच्या बाजूला, माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने देतात म्हणून. असे आम्ही त्या घरमालक काकांच्या घरी पोचलो.

काका सत्तरीच्या पुढचे, सरकारी नोकरीतून रिटायर, शिक्षण मराठी शाळेत झालेलं त्यामुळे आमच्याशी मराठीतच बोलायचे, मध्येच कोकणी. काकूंनी विचारलं जेवलात का, आणि नाही म्हटल्यावर पंधरा मिनिटांत उकड्या तांदळाचा भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, आणि तळलेले बांगडे समोर. जेवणाचे वेगळे पैसे घेणार नाही म्हणाल्या, शेवटपर्यंत घेतले नाहीत. कॅलेंडरच्या शेजारी खिळ्याला एक पितळी शिट्टी टांगलेली. गोलकीपरने विचारलं तर काका एवढंच म्हणाले, "मी रेफ्री होतो."

शनिवारचा दिवस फिरण्यात गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गर्दी, पार्किंग, फोटो. आत्तेभावाला कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा बघायचा होता, आदल्याच वर्षी बसवलेला, पण परत तो पूल ओलांडायची कुणाची तयारी नव्हती. संध्याकाळी काकांच्या टीव्हीवर तिसऱ्या नंबरची मॅच बघितली, क्रोएशियाने मोरोक्कोला २-१ हरवलं. मग बाल्कांवात बसलो. गल्लीत ख्रिसमसचे आकाशकंदील लागलेले, आणि दोन माडांच्या मधे पोर्तुगालचा झेंडा अजून तसाच, टीम घरी जाऊन आठवडा झाला तरी.

तो झेंडा काकांच्या पुतण्याचा. तो पण आला बसायला, आणि आल्या आल्या म्हणाला की उद्याची फायनल बघायची कशाला, कप अर्जेंटिनाला द्यायचं आधीच ठरलंय.

झालं. एवढं एक वाक्य पुरलं.

त्याचं म्हणणं, अर्जेंटिनाला फायनलपर्यंत चार पेनल्टी मिळाल्या, सौदी, पोलंड, नेदरलँड्स, क्रोएशिया, मोजून घ्या. पोलंडविरुद्धची तर पेनल्टीच नव्हती, त्यांचा गोलकीपर श्चेस्नी स्वतः मेस्सीशी शंभर युरोची पैज लावून बसलेला की ही देणार नाहीत. पोर्तुगाल-मोरोक्कोला रेफ्री कोण, तर अर्जेंटिनाचा, पोर्तुगालच्या पेपेने मॅच संपल्यावर उघड बोलून दाखवलं. मी म्हटलं श्चेस्नीने ती पेनल्टी अडवली की, मग फायदा काय झाला? तर म्हणे दिली हे महत्त्वाचं. आत्तेभाऊ लगेच त्याच्या बाजूला, ब्राझीलवाला आणि पोर्तुगालवाला एकत्र आले की अर्जेंटिनावाल्याचं काही खरं नसतं. मग मी फ्रान्सवर घसरलो. सेमीफायनलला मोरोक्कोला दोन पेनल्टी नाकारल्या म्हणून त्यांनी फिफाकडे तक्रार केली ती विसरलात का? आणि २००९ चा थिएरी आँरी? आयर्लंडविरुद्ध प्लेऑफ, बॉल बाहेर चाललेला, त्याने डाव्या हाताने दोनदा अडवला आणि गालासला दिला, गोल, आयर्लंड वर्ल्ड कपला मुकलं. आयरिश लोक मॅच पुन्हा खेळवा म्हणत राहिले, खेळवली नाही, आणि पुढे बाहेर आलं की फिफाने त्यांच्या असोसिएशनला ५० लाख युरो दिले होते.

"म्हणजे उद्या दोन्हीकडे हातवालेच," पुतण्या म्हणाला. "तुमचा मॅराडोना, त्यांचा आँरी."

आता इथे मला जे बोलायचं होतं ते मी पंचवीस वर्षं बोलत आलोय. २२ जून १९८६, वर्ल्ड कपची क्वार्टरफायनल, अर्जेंटिना-इंग्लंड, मेक्सिकोतलं अझ्टेका स्टेडियम, ५१ वा मिनिट, इंग्लंडच्या हॉजची किक उलटी वर उडाली, १६५ सेंटीमीटरचा मॅराडोना आणि त्याच्यापेक्षा वीस सेंटीमीटर उंच इंग्लंडचा गोलकीपर शिल्टन, आणि हात, आणि गोल. चार मिनिटांनी तोच माणूस अर्ध्या ग्राऊंडवरून सगळ्यांना चकवत जाऊन दुसरा गोल करतो. आमच्या पेठेत २०१४ च्या फायनलला बॅनर लागला होता 'देवाचा हात पाठीशी', ते शब्द माझे. त्या गोलला चोरी म्हणणाऱ्याशी मी आयुष्यभर भांडलोय. हुशारी होती ती, रेफ्रीला दिसलं नाही तर तो रेफ्रीचा प्रॉब्लेम. त्या रात्री पण मी हेच म्हटलं, याच शब्दांत.

काका तोपर्यंत गप्प होते. ते उठले, आत गेले आणि जेवणाच्या टेबलावरची मिठाची डबी घेऊन आले.

"पळय," म्हणाले, म्हणजे बघ. "हा मी. म्हणजे त्या मॅचचा रेफ्री अली बिन नासर, ट्युनिशियाचा." टीपॉयवर डबी ठेवली. माझी बिअरची बाटली उचलून पलीकडे ठेवली, हा शिल्टन. बाटलीच्या अलीकडे, डबीच्या रेषेत, फेणीचा छोटा ग्लास, हा मॅराडोना. काडेपेटी पार त्या कोपऱ्यात, हा लाइन्समन दोचेव, बल्गेरियाचा. माशासाठी कापायला ठेवलेलं अख्खं लिंबू घेतलं आणि ग्लास आणि बाटलीच्या मधे चिमटीत धरलं. "आता खाली बस. डोळा डबीच्या मागे लाव. उभा राहून नको बघू, टीव्हीवाला उभा राहून बघतो."

मी फरशीवर गुडघे टेकून बसलो, हनुवटी टीपॉयच्या कडेला. समोर मिठाची डबी, तिच्यावर वाळलेल्या मिठाची पांढरी कड, तिच्यापुढे ग्लास. काकांनी ग्लासाच्या पलीकडे अंगठा वर काढला आणि लिंबाला टेकवला. मला ग्लास दिसत होता, त्याच्यावर लिंबाचा वरचा भाग दिसत होता. अंगठा नाही. त्यांनी विचारलं डोकं लागलं की हात? मी म्हटलं दिसत नाही. "अर्धा सेकंद. आता सांग. एक लाख माणूस ओरडतंय, सांग लवकर."

मला सांगता आलं नाही.

मग काका सांगत बसले. अलीला शंका आली होती, त्याने दोचेवकडे बघितलं, दोचेव सेंटरकडे पळत निघाला, म्हणजे गोल. नियम असा की सहकारी चांगल्या जागी असेल तर त्याचं मानायचं, अलीने मानलं. पुढे दोचेव म्हणत राहिला की चूक अलीची आणि अली म्हणत राहिला की मी त्याच्यावर विश्वास ठेवला. दोन माणसांचं आयुष्य त्यात गेलं, आणि ज्याने केलं तो देव झाला. पुतण्या म्हणाला, पण अलीने तोच बॉल गेल्याच महिन्यात लिलावात विकला की, २० लाख पाउंडला. काका म्हणाले, विकला, मॅराडोनाची जर्सी तर ७१ लाखाला गेली, आणि २०१५ मध्ये मॅराडोना ट्युनिशियात त्याच्या घरी जाऊन सही केलेली जर्सी देऊन आला, ते पण मला माहीत आहे. "पण बाबा, तोपर्यंत एकोणतीस वर्षं झाली होती."

आणि मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या एका गावची टुर्नामेंट, भात कापून झालेल्या शेतात खेळतात तशी. फायनल. कॉर्नर, गर्दी, बॉल आत. काकांनी बघितली ती फक्त पाठ. लाइन्समनचा झेंडा खाली. गोल दिला. मॅचनंतर त्यांच्या स्कूटरचा हेडलाइट फोडला, ते चालेल म्हणाले, हेडलाइट दुसरा मिळतो. पण त्यांची मुलगी तेव्हा सातवीत, तिला वर्गात पोरं विचारायची, तुझ्या पप्पांनी किती घेतले? सहा महिने विचारत होती. त्यानंतर काकांनी शिट्टी खिळ्याला लावली ती लावलीच.

सोळा वर्षांनी तो खेळाडू घरी आला. बोटीवर नोकरी करायचा, सुट्टीवर आलेला, चॉकलेटं आणि विलायती बाटली घेऊन. याच बाल्कांवात बसून हसत हसत म्हणाला, अंकल, तो माझा हात होता हां. त्याला वाटलं काका पण हसतील.

काकूंनी आतून ती बाटली आणून दाखवली. सील तसंच. लेबल पिवळं पडून एका कोपऱ्यात सुटलेलं. "पिऊ पण नाही शकलो आणि टाकू पण नाही शकलो," काका म्हणाले. "मी त्याला एकच विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस? मैदानावर नको, दुसऱ्या दिवशी तरी. माझ्या पोरीच्या शाळेत येऊन तरी." तो माणूस चहा न घेता उठून गेला म्हणे.

कुणीच बोललं नाही बराच वेळ. गोलकीपर एकदम म्हणाला की आता व्हीएआर आलाय, व्हिडिओ बघून निर्णय तपासतात, आता असं होणार नाही. काका म्हणाले, "कतारात आलाय रे. शेतात कोण लावतो?" आणि मग ते २००४ सालचं बोलले, त्यांना फार लागलेलं ते. गोव्याच्या सेकंड डिव्हिजनमध्ये गोल डिफरन्सवर, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकावर, वर जायचं म्हणून शेवटच्या दिवशी एक मॅच ५५-१ आणि दुसरी ६१-१ अशी झाली. चारही क्लबांवर असोसिएशनने बंदी घातली. तिथे रेफ्रीला सगळं दिसत होतं, प्रत्येक गोल दिसत होता, आणि दर दीड मिनिटाला शिट्टी मारून सेंटर करायला लावण्याशिवाय त्याच्या हातात काय होतं? दिसलं नाही तरी शिव्या, दिसलं तरी उपयोग नाही. हे म्हणताना काकांचा आवाज चढला होता, काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी झोपायला गेलो पण झोप लागली नाही. मला सारखा माझा बॅनर आठवत होता. मी स्वतः पेठेकडून खेळलोय, रेफ्रीला काय काय बोललोय ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यांचीही पोरं शाळेत जात असतील हे मला खरंच कधी सुचलं नव्हतं. मॅराडोना माझ्यासाठी अजूनही मॅराडोनाच आहे, ते बदलणार नाही. पण तो पहिला गोल मी आता कुणाला हसत सांगणार नाही. ज्या शब्दांत सांगायचो ते शब्द गेले.

फायनल वाड्यावरच्या पोरांनी लावलेल्या मोठ्या स्क्रीनवर बघितली, दीडेकशे माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, बाजूला चोरीस पावाचा, म्हणजे गोव्याच्या सॉसेज-पावाचा गाडा. मॅचचं मी काय सांगू, सगळ्यांनी बघितलीय. २१ व्या मिनिटाला डेंबेलेने डी मारियाला पाडलं, पुतण्या ओरडला "पाचवी!", २३ व्याला मेस्सीने मारली, मी ओरडलो. डी मारियाचा दुसरा गोल. मग ८० आणि ८१, एम्बाप्पे, एम्बाप्पे, २-२, आणि माझ्या पोटात गोळा. काका माझ्या शेजारी बसलेले, पण त्यांचं बॉलकडे लक्षच नव्हतं. अख्खी मॅच ते मार्चिनियाककडे बघत होते, तो पोलंडचा रेफ्री. कुठे उभा राहतोय, कधी तिरका पळतोय. "बरोबर जागा घेतली," असं मध्येमध्ये स्वतःशीच म्हणायचे.

८७ व्या मिनिटाला फ्रान्सचा थुराम बॉक्समध्ये पडला. दीडशे माणसं उठून उभी, अर्धी पेनल्टी मागतायत, अर्धी डोक्याला हात लावून बसलीयत, मी डोळेच मिटले. उघडले तर मार्चिनियाक धावत येतोय आणि हातात पिवळं कार्ड, थुरामलाच. नाटक केलं म्हणून. तो अगदी जवळ होता, आणि मधे कुणाची पाठ नव्हती.

काका उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. एकटेच. आजूबाजूचे वळून बघत होते की हा म्हातारा कुठल्या टीमचा.