पिग्मीवालीची टिक

मागच्या आठवड्यात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉर्म आला. तिसरी-चौथीच्या मुलांना जूनपासून शनिवारचे शेवटचे दोन तास काहीतरी वेगळं शिकवायचं म्हणे. पर्याय दोन, संगीत किंवा आर्थिक साक्षरता. 'कृपया एकाच चौकटीत टिक करावी. सूचना लिहू नयेत.'

फॉर्म बघून नवरा म्हणाला, "ह्यात इचारायचं काय? तू पिग्मीवाली. पैशाचंच शिकवू दे की."

सगळ्यांना तसंच वाटत होतं. मी अकरा वर्षं मिरजेत पिग्मी गोळा करते. लक्ष्मी मार्केटपासून सुरुवात, मग दर्ग्याकडच्या गल्ल्या, शेवटी स्टेशन रोड. पिग्मी म्हणजे खातेदाराची रोजची बारीक बचत, वीस-पन्नास-शंभर. मशीनवर आकडा दाबायचा, पावती फाडून द्यायची आणि पुढचं दुकान गाठायचं. बचत ही काय चीज आहे ते ह्या गावात माझ्याइतकं कुणी पायी हिंडून बघितलं नसेल. तरी मी तो फॉर्म दोन दिवस तसाच ठेवला.

आधी आईचं सांगते. माझी आई प्राथमिक शिक्षिका. सातवीला गणित शिकवायची. 'म गुणिले द गुणिले क भागिले शंभर' हे सरळव्याजाचं सूत्र तिने किती पोरांकडून घोकून घेतलं असेल त्याला गणती नाही. निवृत्तीच्या पैशातले एक लाख ऐंशी हजार तिने एका पतसंस्थेत ठेवले. दर साडेबारा टक्के, सहा वर्षांत दामदुप्पट. ठेवण्याआधी तिने लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे चक्रवाढीचा हिशोब मांडला होता. मी तो बघितलाय. सहा वर्षांत खरंच दुपटीच्या थोडं वरच जातं. गणित अचूक होतं. चौथ्या वर्षी संस्थेला कुलूप लागलं.

आईला काय येत नव्हतं? व्याज येत होतं, टक्के येत होते. पण संचालक आमच्याच गल्लीतला, हळदीकुंकवाला त्याची बायको घरी यायची, आणि 'वहिनी, आपलीच संस्था आहे' म्हणायचा. त्याला 'तुमच्या ठेवीला विमा आहे का?' असं विचारणं तिच्या जिभेवर येणं शक्यच नव्हतं. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. तेव्हा ते एक लाखापर्यंत होतं, फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत झालं. नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेला हा विमा नाही. पाटीवर दोघांच्याही नावापुढे 'सहकारी' असतं आणि आपल्याकडे लोक दोघांनाही 'ब्यांक'च म्हणतात, घोळ तिथेच आहे. आईला सात वर्षांत हप्त्या-हप्त्याने साठ हजार परत मिळाले. बाकीचे अजून 'प्रक्रियेत' आहेत.

म्हणून मी पिग्मी घेतली ती मुद्दाम बँकेची घेतली. अकरा वर्षांत 'ताई, ह्याला विमा हाय का?' असं मला दोनच माणसांनी विचारलं. एक भंगारवाला, दुसरी चहाच्या गाड्यावरची मावशी. डॉक्टर, वकील, सर लोक, कुणीही नाही.

आता हे आठ वर्षांच्या पोराला शिकवून काय होणार? त्याच्याकडे ठेवायला लाख नाहीत, आणि गोड बोलणारा संचालक त्याच्या घरी हळदीकुंकवाला येत नाही. त्याला हे कळायची गरज पडेल तेव्हा दर बदललेले असतील, नियम बदललेले असतील, फसवायची तऱ्हाही बदललेली असेल. हा धडा आज ज्यांना लागतोय ते पालकसभेला मागच्या खुर्च्यांवर बसून मोबाईल बघत असतात. त्यांचा अर्धा तास घ्या की. मी फुकट बोलायला येते.

पोरांना पैसा कळत नाही असं मात्र नाही. तो वहीत कळत नाही, एवढंच. माझ्या मुलाने शाळेबाहेरच्या पेरूच्या गाड्यावर पंधरा रुपयांची उधारी केली होती. पेरूवाल्याने पुठ्ठ्याच्या मागे लिहून ठेवलेलं, नाव आणि पुढे तीन उभ्या रेघा. मला कळलं तेव्हा मी पैसे भरले नाहीत. रविवारी भेळेला दहा रुपये मिळतात, त्यातले पाच असे तीन आठवडे त्याने स्वतः नेऊन दिले. तिसऱ्या रविवारी पेरूवाल्याने त्याच्यासमोर शेवटची रेघ खोडली. घरी येऊन पोरगं म्हणालं, "आई, पेरू तर कवाच संपलेला." कर्ज म्हणजे काय हे ह्याहून थोडक्यात मलाही सांगता येत नाही.

शाळेत ह्याचं काय होतं तेही सांगते. माझ्या भाचीच्या शाळेत, तासगावकडे, मुलांचा बाजार भरवला होता. पोरं भाजी विकणार, नफा-तोटा शिकणार. भावाने पहाटे मार्केटातून दहा रुपयांनी मेथीच्या पेंड्या आणल्या. पोरीने त्या दहालाच विकल्या, कारण 'बाईंनी सगळ्यांचा एकच भाव ठेवा सांगितलंय'. शेवटी उरलेल्या पेंड्या वहिनीनेच विकत घेतल्या. पेपरात फोटो आला. आम्ही चार दिवस मेथी खाल्ली.

माझ्या लहानपणी संचयिका होती, ती बरी होती. दर सोमवारी बाईंकडे रुपया द्यायचा, त्या कार्डावर लिहायच्या. त्यावर धडा नव्हता, परीक्षा नव्हती. नुसती सवय.

आता गाण्याचं.

माझ्या वाटेवर सतारमेकर गल्ली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात मोठं छापून आलं होतं. गल्लीत त्या दिवशीही मला रोजचीच पिग्मी मिळाली. तिथले एक चाचा माझे जुने खातेदार. दुकानात छताला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे टांगलेले, खाली तुणाच्या लाकडाचा भुसा, आणि चाचा उकिडवे बसून कानस चालवत असतात.

परवा शाळेला सुट्टी होती म्हणून मुलगा माझ्याबरोबर होता. चाचा एका तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, वरचा भाग कानशीने घासायचा, तार लावायची, ऐकायचं, तार सैल करायची, परत घासायचं. मग त्यांनी तारेखाली एक साधा सुती दोरा सरकवला. तार छेडली. आवाज बोथट, घशात अडकल्यासारखा. दोरा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे घेतला. पुन्हा बोथट. अजून केसभर पुढे, आणि तार एकदम उघडली. एका आवाजाच्या पोटातून दुसरा, त्यातून तिसरा निघत राहिला. चाचांनी हात उचलला तरी तो थांबेना. मुलगा तोंड उघडं ठेवून बघत होता. ह्या पोराला मी जेवताना पाच मिनिटं एका जागी बसवू शकत नाही.

तेवढ्यात मी चाचांची पावती काढली आणि माझं मशीन टींऽ करून वाजलं. चाचा मान वर न करता म्हणाले, "ताई, तुमचं मशीन काळी पाचला बोलतंय. जरासं चढं हाय."

अकरा वर्षं ते मशीन माझ्या खांद्याला लटकतंय. ते कुठल्या तरी सुरात वाजतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि मला कळणार तरी कसं? मी पाचवीत असताना स्वागतगीताच्या तालमीला पेटीवरच्या सरांनी पेटी थांबवून मला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." सगळ्यांसमोर. मी ओठ हलवले. नंतर आरतीतही तेच, लग्नात मंगलाष्टकांनाही तेच, पोराला झोपवतानासुद्धा गुणगुणायचा धीर झाला नाही. मला बेसूर ऐकू येतं, म्हणजे कान बरा असावा. पण कान आणि गळा एकमेकांना जोडून द्यायचं वय जे असतं, ते माझं त्या तालमीत गेलं. पैशाचं मी पंचविशीनंतर शिकले आणि नीट शिकले. गाण्याचं तसं झालं नाही. दोन्हींतला फरक मला माझ्याच अंगावर कळतो.

गाण्याने गणित सुधारतं, बुद्धी वाढते, असं ग्रुपवर एका ताईंनी लगेच टाकलं. मला तो वकिली मुद्दा वाटतो. गणित सुधारायचं असेल तर गणित शिकवा. तंबोऱ्याची तार उघडली तेव्हा पोराचं जे झालं त्याला आणखी कशाचा फायदा जोडायची गरज नाही.

नवऱ्याचा मुद्दा तरीही उरतोच. तो कुपवाडला एमआयडीसीत लेथवर आहे, सरळ बोलतो. "गाण्यानं प्वाट भरतं व्हय? त्या गल्लीतलीच पोरं दुसऱ्या कामाला लागल्यात." खरं आहे. मोबाईलमधल्या तंबोऱ्याने चाचांचं गिऱ्हाईक कमी झालंय, हे त्यांची पिग्मी शंभरावरून पन्नासवर आली तेव्हाच मला कळलं होतं.

आणि मिरजेतच शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांचं उदाहरणही नवऱ्याच्याच बाजूचं. १८७२ चा कुरुंदवाडचा जन्म, लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दरबारातलं गाणं तिकीट लावून सगळ्यांसमोर आणणारा माणूस, म्हणजे व्यवहार कळत नव्हता असं कोण म्हणेल? तरी मुंबईतली विद्यालयाची इमारत शेवटी कर्जापायी गेली. नवरा म्हणाला, "बघ!" मी म्हटलं, बघतेच आहे. इमारत गेली, पण त्यांच्या शिष्यांनी काढलेल्या मंडळाच्या परीक्षांना पोरं अजून बसतात. ह्यावर तो गप्प बसला, पण पटलं म्हणून नव्हे. मॅच सुरू झाली होती.

खरं सांगायचं तर ही दोन चौकटींची भानगडच मला पटत नाही, आणि ते आबांमुळे. आबा, माझे आजोबा, सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ होती. म्हणजे पावचे, अर्ध्याचे, पाऊणचे, सव्वाचे, दीडचे, अडीचचे, साडेतीनचे पाढे. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा सव्वातीन आणे दराने साडेसात शेर किती, हे बोलता बोलता काढावं लागायचं, कागद घ्यायला सवड कुठली. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि हळूहळू ते पाढे शाळेतून गेले. आबांच्या तोंडून मात्र गेले नाहीत. संध्याकाळी दिवा लावला की ओट्यावर बसून, मांडीवर बोटांनी ठेका धरून ते म्हणायचे आणि आम्ही मागून: एक दीड दीड, बे दीड तीन, तीन दीड साडेचार, चोक दीड सहा, पाचा दीड साडेसात... साडेसातला आवाज खाली यायचा आणि सगळे मिळून श्वास घ्यायचे. ते व्यवहार शिकवत होते की गाणं, हे विचारलं असतं तर आबांनी मलाच वेड्यात काढलं असतं. तिथे मात्र मी ओठ नुसते हलवत नव्हते. तिथे मला कुणी बेसूर म्हटलं नाही.

शेवटी मी संगीतावर टिक केली. आणि सूचना लिहू नयेत असं असतानाही खाली लिहिलं: 'गाणं म्हणजे गॅदरिंगला स्पीकरवर गाणी लावून नाच नव्हे. पेटी आधी सुरात लावून घ्यावी. परीक्षा नको. आणि कुठल्याही मुलाला ओठ हलवायला सांगू नये.'

सोमवारी निकाल लागला. अडतीस पालकांपैकी संगीताला नऊ. जूनपासून आर्थिक साक्षरता.

मंगळवारी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. मला वाटलं, खाली लिहिलं म्हणून बोलणार. तर म्हणाल्या, "ताई, तुम्ही त्याच लाईनमधल्या. शनिवारचे तास तुम्हीच घेता का? मानधन फार नाही देता येणार."

नवरा अजून हसतोय.

मी हो म्हटलंय. दोन अटी घातल्यात. पालकसभेतला अर्धा तास मला विम्यावर बोलायला द्यायचा ही एक. दुसरी, तासाची सुरुवात दिडकीने होणार, मोठ्याने, सगळ्यांनी. बाई म्हणाल्या, "दिडकी म्हणजे?" मी फोनवरच म्हणून दाखवली. बऱ्याच वर्षांनी घराबाहेरच्या माणसासमोर सुरात काहीतरी म्हटलं, आणि ते फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं.

अडचण एवढीच की मला दिडकी पाचा दीडपर्यंतच नीट येते. पुढे सात दीड साडेदहाला ठेका चुकतो. आबांची वही भावाकडे माळ्यावर असेल, रविवारी जाऊन शोधणार आहे. औटकी तर मला पहिल्या दोन ओळींपुढे आठवत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी ती चालीसकट येणारं माणूस असेल, तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. नुसते आकडे नकोत, ते मी काढीन.