गुंठ्यागणिक टनेज : ऊस हार्वेस्टरवर वजन मोजण्याची आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं हायड्रॉलिक दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. वडिलांनी एका लेथवर सुरुवात केली, मी पंप आणि सिलिंडरच्या कामात पडलो, धाकटा भाऊ इलेक्ट्रॉनिक्स शिकून आला. आज पाटीवर दुरुस्तीच्या खाली आणखी एक ओळ आहे : 'ऊस हार्वेस्टर, उत्पादन मोजणी'. हे काम आमच्याकडे कसं आलं आणि त्यात नेमकं काय करावं लागतं, असं बरेच जण विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तोडीला टोळ्या मिळेनाशा झाल्या तसे आमच्या भागात हार्वेस्टर वाढले. ऑस्टॉफ्ट, शक्तिमान, जॉन डियर, सगळी कोटीच्या घरातली यंत्रं. घेणारी बहुतेक शेतकऱ्यांचीच मुलं, बँकेचं कर्ज डोक्यावर घेऊन या धंद्यात उतरलेली. हंगाम संपला की ही मशीन ओव्हरहॉलिंगला येतात. ऊस बुडात कापणाऱ्या बेस कटरचे गिअरबॉक्स, उसाच्या कांड्या करणाऱ्या चॉपरचे मोटर, कांड्या वर ट्रॉलीकडे नेणाऱ्या एलिव्हेटरची साखळी, सगळं उघडून बसायचं. मालक शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि मनातलं बोलतो. त्यांचं एकच गाऱ्हाणं असायचं : टनाला डिझेल किती जातं याचा पत्ता लागत नाही. तोडणीचं बिल टनावर, डिझेल मात्र तासावर. एका शेतात मशीन नफ्यात असतं, दुसऱ्यात तोट्यात, आणि ते कळतं हंगाम संपल्यावर.

म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक शेतकरी नव्हता, मशीनमालक होता. त्याला हवं होतं ते एवढंच : मशीन चालू असताना तासाला किती टन ऊस ट्रॉलीत पडतोय तो आकडा.

यावर जगात काम झालेलं होतं. चॉपर आणि एलिव्हेटर फिरवायला किती ताकद लागते यावरून उसाचा प्रवाह काढायचे प्रयोग ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात झाले. ब्राझीलमध्ये कांपिनास विद्यापीठातल्या मागाल्याएस आणि सेरी यांनी एलिव्हेटरच्या तळात वजनाची प्लेट बसवून केलेलं काम २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. भावानं ते सगळं वाचून काढलं. हायड्रॉलिकचा प्रेशर सेन्सर बसवणं आमच्या हातचा मळ, म्हणून सुरुवात तिथून केली. चॉपरच्या लाइनवरचं प्रेशर उसाबरोबर वर-खाली होतं हे खरं. पण पाला ओला असला, ऊस लोळलेला असला किंवा सुऱ्या बोथट झाल्या, तरी ते चढतंच. ताकद किती लागली हे त्यावरून कळतं, वजनासाठी प्लेटच हवी हे ठरलं.

ही प्लेट म्हणजे एलिव्हेटरच्या वरच्या भागातला तळाचा एक पत्रा कापून वेगळा केलेला तुकडा, खाली लोडसेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सर. साखळीच्या पट्ट्या उसाच्या कांड्या त्यावरून ओढत नेतात, तेवढ्या क्षणात वजन घ्यायचं. एलिव्हेटर तिरका असतो आणि चढाउतारावर त्याचा कोन बदलतो, म्हणून कोनमापक लागतो. साखळीचा वेग मोजायला प्रॉक्सिमिटी सेन्सर लागतो. पाचट बाहेर उडवणाऱ्या पंख्याचा आणि इंजिनाचा हादरा वेगळा काढावा लागतो. हे सगळं उद्यमनगरात जमण्यासारखं होतं. पत्रा कापणारा, वेल्डर, मशिनिंगवाला, सगळे हाकेच्या अंतरावर.

खरा शत्रू निघाला उसाचा रस. कापलेल्या कांडीतून रस गळतो, त्यात पाचटाची भुकटी आणि काळ्या रानाची माती मिसळते, आणि प्लेटच्या कडेला ठेवलेल्या फटीत ते साचून वाळतं. संध्याकाळपर्यंत ते असं घट्ट बसतं की प्लेट हलतच नाही, आणि स्क्रीनवरचा आकडा जाग्यावर थिजतो. फट वाढवली तर पाल्याचे तुकडे अडकतात. शेवटी प्लेटच्या कडा खालच्या बाजूला तिरक्या घासल्या, म्हणजे आत गेलेली घाण अडकून न राहता खाली पडते. शिवाय ट्रॉली बदलताना एलिव्हेटर रिकामा फिरतो तेव्हा दर वेळी यंत्रानं आपोआप शून्य घ्यायचं अशी सोय केली. पाळी संपल्यावर ऑपरेटरनं पाण्याचा फवारा मारायचा, ही सवय लावायला मात्र सेन्सर बसवण्यापेक्षा जास्त बोलावं लागलं.

मशीनमालकांचं काम त्यावर भागलं. टनाला डिझेल दिसायला लागलं, कोणत्या प्लॉटला जास्त वेळ जातो ते कळलं. तेवढ्यावर आम्ही थांबलोही असतो. पण आमच्या मीटरच्या पेटीत जीपीएस होता, आणि दर सेकंदाला एक ओळ साठत होती : वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, प्लेटचं वजन, कोन. शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ऑपरेटरच्या केबिनमधली स्क्रीन पाहिली आणि माझ्या भावाला म्हणाला, "वरल्या अंगाला ऊस जोमात हाय आन् खालच्या अंगाला पिवळा पडतोय, ते मला दिसतंय. किती गेला तेवढं सांगशील का?"

या प्रश्नानं आमच्या कामाला वळण दिलं. शेतात कुठे कमी पिकतं हे शेतकऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. किती कमी पिकतं हे कुणालाच माहीत नसतं, कारण कारखान्याचा काटा अख्ख्या प्लॉटचं मिळून एकच वजन देतो. एकरी ३२ टन पडला की गावात म्हणतात बरा पडला. त्या ३२ मध्ये अर्धा एकर ४५ नं आणि अर्धा १९ नं गेला असेल, तर तो बरा अजिबात नाही.

आता हिशेब पाहा. एकरी ४० टन म्हणजे गुंठ्याला टन, हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. ५ फुटी सरीत एक गुंठा म्हणजे सुमारे ६६ मीटर लांबीची ओळ. मशीन सेकंदाला एक मीटर चाललं तर त्या गुंठ्यातला टनभर ऊस ६६ सेकंदांत प्लेटवरून जातो, म्हणजे सेकंदाला १५ किलो. म्हणून आम्ही नकाशाचा चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा धरला. तो जवळपास बरोबर एक गुंठा भरतो, आणि त्यातून सहा-सात ओळी जातात. त्याहून बारीक चौकोन पाडले तर नकाशा देखणा दिसतो, पण खोटा असतो. साध्या जीपीएसची चूक दोन-तीन मीटरची, शिवाय मशीनच्या पोटात पुढचा-मागचा ऊस मिसळतोच. विकत मिळणाऱ्या रंगीत नकाशांत हा प्रामाणिकपणा दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आकडे जसेच्या तसे वापरता येत नाहीत. बेस कटरनं ऊस बुडात कापला की चॉपर, पंखा करत तो एलिव्हेटरच्या वरच्या टोकाला पोहोचायला काही सेकंद जातात. तोवर मशीन तितके मीटर पुढे गेलेलं असतं. ही भरपाई केली नाही तर शेजारच्या दोन ओळी, एक जातानाची आणि एक येतानाची, एकमेकींशी जुळत नाहीत आणि नकाशाला करवतीसारखे दाते येतात. वेगवेगळा उशीर धरून पाहायचा, आणि ज्या आकड्याला शेजारच्या ओळी सगळ्यात चांगल्या जुळतात तो त्या मशीनचा उशीर. ब्राझीलच्या लांबच लांब शेतात एवढ्या मीटरांनी फारसं बिघडत नाही. आमच्याकडे वीस गुंठ्यांचा प्लॉट, मधे बांध, बांधापलीकडे सख्ख्या भावाचा ऊस. तिथं दहा मीटर इकडचे तिकडे झाले तर एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर चढतो. ट्रॉली भरल्यावर मशीन थांबतं, त्या ओळी काढाव्या लागतात, नाहीतर शून्य वेगानं भागून एकरी हजारो टन निघतात. बांधाकडेची वळणं काढायची. कडेला अर्धीच सरी कापली असेल तर रुंदी दुरुस्त करायची. गट नंबरच्या हद्दी आम्ही शेतकऱ्याला सोबत घेऊन बांधावरून चालत नोंदवतो. सातबाऱ्यावर एक गट असतो आणि प्रत्यक्षात त्यात चार वाटे असतात, ते कागदावर कुठंच नसतं.

आणि शेवटी काटापावती. हा आमचा नियम आहे, यात सूट नाही : प्लेटनं मोजलेली बेरीज खेपेगणिक कारखान्याच्या काट्याशी ताडून पाहिल्याशिवाय नकाशा बाहेर पडत नाही. त्या खेपेचं काट्यावरचं वजन आणि प्लेटची बेरीज यांचं जे गुणोत्तर येईल, त्यानं त्या खेपेचे सगळे चौकोन दुरुस्त होतात. गुणोत्तर नेहमीपेक्षा फार वेगळं आलं तर ती खेप बाजूला ठेवून प्लेट तपासायची. एका कारखान्यानं काट्याचा डेटा देतो म्हणून कबूल केलं आणि हंगाम संपेपर्यंत दिला नाही. तेव्हा शेतकऱ्यांनी आपापल्या पावत्यांचे फोटो मोबाइलवर पाठवले, पोरांनी रात्री बसून ते आकडे भरले. तो हंगाम त्या शेतकऱ्यांनी तारला, हे मी कायम सांगत आलोय.

त्या शिरोळच्या शेतकऱ्याच्या प्लॉटचं काय झालं तेही सांगतो. ओढ्याच्या बाजूचे पंधरा गुंठे गुंठ्याला अर्ध्या टनावर होते, बाकीचं रान टनाला लागून. पंधरा गुंठ्यांत साडेसात टन गेले. तोडणी-वाहतूक वजा करून टनाला ३००० रुपये धरले तरी एका तोडीला २२,५०० रुपये. हा कोपरा क्षारपड होत चालला होता. पाण्याचा अतिवापर आणि निचरा नाही, हे कृष्णा-पंचगंगेच्या काठचं जुनं दुखणं. शिरोळच्या श्री दत्त कारखान्यानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड रानं सुधारण्याचं मोठं काम केलं आहे, ते या भागात सगळ्यांना माहीत आहे. खर्चाचा आकडा शेतकऱ्याला तिथं मिळतो. नुकसानीचा आकडा आमच्याकडे मिळाला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर त्यानं आणि खालच्या दोघा वाटेकऱ्यांनी मिळून पाइपलाइन टाकली. एकट्यानं करून भागत नाही, पाणी शेवटी कुणाच्यातरी रानातूनच ओढ्याला जाणार.

२०१९ च्या ऑगस्टचा महापूर आणि नंतर २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा नदीकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्यात होता. शेंडे कुजले, कांड्यांवर पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटल्या. त्या हंगामांचे नकाशे आमच्याकडे आहेत. नदीकडून गावाकडे येताना गुंठ्यागणिक वजन कसं चढत जातं ते त्यात स्वच्छ दिसतं. पंचनाम्यात सगळं रान एका मापानं मोजलं जातं. त्या शेजारी हे नकाशे ठेवण्याचा आग्रह आम्ही धरतो आणि धरत राहू.

आमच्या मीटरला न दिसणारी एक गोष्ट आहे, ती प्रत्येक नकाशाच्या खाली ठळक छापतो. प्लेट फक्त ट्रॉलीत गेलेला ऊस मोजते. पंखा जास्त जोरात ठेवला तर कांड्यांचे तुकडे पाचटाबरोबर बाहेर उडतात. बेस कटर वर धरला तर सगळ्यात गोड बुडखा रानातच राहतो. तिथं रान कमी पिकलं नाही, तोड वाईट झाली. म्हणून प्लॉटमध्ये सरीच्या ठरावीक लांबीतले राहिलेले तुकडे आणि बुडखे वेचून आम्ही ताणकाट्यावर तोलतो. काही मशीनमालकांना हे आवडत नाही. ज्यांचे ऑपरेटर पंख्याचा वेग पाहून काम करतात, त्यांना हाच कागद शेतकऱ्यापुढे ठेवता येतो आणि त्यांच्या मशीनला नंबर लागतो.

२०२३ मध्ये राज्यात हार्वेस्टरला ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ते अनुदान जाहीर झालं आणि नव्या मशीनची संख्या वाढली. आमच्याकडे कामही वाढलं. मीटर आम्ही विकत नाही, हंगामाला भाड्यानं देतो, म्हणजे देखभाल आमच्याच हातात राहते. भाडं मशीनमालक देतो. कारखान्याच्या शेती विभागाला गटवार गोषवारा लागला तर त्याचे पैसे कारखाना देतो. शेतकऱ्याकडून नकाशाचे पैसे घेत नाही, आणि त्याच्या सहीशिवाय त्याचा नकाशा खतवाल्याला, बियाणेवाल्याला किंवा बँकेला देत नाही. असे प्रस्ताव आले, अजून येतात. ऊस त्याचा, रान त्याचं, आकडाही त्याचाच.

सध्या सगळा जोर पाचटावर आहे. हार्वेस्टरच्या उसाला साडेचार-पाच टक्के वजन पाचटापोटी सरसकट कापलं जातं, मग खेप स्वच्छ असो की पाल्यानं भरलेली. एलिव्हेटरच्या तोंडाशी कॅमेरा बसवून खेपेतलं पाचट मोजता येईल का, याच्या चाचण्या भाऊ करतोय. पडताळा म्हणून ट्रॉलीतून टोपलीभर नमुना काढायचा, कांडी आणि पाला हातानं वेगळा करून दोन्ही तोलायचं. दिवसाच्या उजेडात आकडे जुळायला लागलेत. रात्रीच्या तोडीत धूळ आणि मशीनच्या दिव्यांची तिरीप यामुळे अजून जुळत नाहीत, आणि निम्मी तोड रात्रीच चालते. ते जमेपर्यंत पाचटाचा एकही आकडा आम्ही कुणाला देणार नाही.

यंदा ज्यांचा ऊस आमचं मीटर असलेल्या मशीननं तुटणार आहे, त्यांनी काटापावत्या जपून ठेवाव्यात आणि तोडीआधी एकदा आमच्या पोराबरोबर बांधावरून फिरून हद्द दाखवावी. तुटून झाल्यावर खोडवा (त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस) राखायचा की रान मोडायचं, हे ठरवायला शेतकऱ्याच्या हातात थोडेच दिवस असतात. त्यामुळे शेवटच्या खेपेची पावती आल्यापासून आठवड्याच्या आत नकाशा घरपोच करतो.