नऊ डिसेंबर आणि फूटभर वायर

आमच्या शाळेत दरवर्षी ९ डिसेंबरला कॉम्प्युटर दिन असतो, कारण त्या दिवशी अमेरिकन कॉम्प्युटर शास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांचा वाढदिवस. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांना शाल-श्रीफळ सगळं होतं, त्यावर काय लिहायचं. मी जाते ती एका भाषणासाठी.

नववीतली एक मुलगी ग्रेस होऊन स्टेजवर येते, गडद निळा कोट आणि नेव्हीची टोपी घालून. न्यूयॉर्कमध्ये १९०६ चा जन्म, सात वर्षांची असताना घरातली सात गजराची घड्याळं खोलून बसली, पुढे येलमधून गणितात पीएचडी, आणि युद्धाच्या वेळी नेव्हीत जायचं तर वजन कमी भरलं तरी खास परवानगी काढून गेलीच, मग १९४४ ला हार्वर्डमध्ये ५१ फूट लांब मार्क वन या कॉम्प्युटरवर काम. रिलेत, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या विजेच्या स्विचमध्ये, अडकलेल्या पतंग किड्याचा किस्सा आला की आमच्या कॉम्प्युटरच्या बाई विंगेतून बघत असायच्या, कारण प्रॅक्टिसला त्यांनी बजावलेलं असायचं, "तो मी पकडला असं म्हणायचं नाही हं, तो ऑपरेटर लोकांना सापडला, १९४७ साली, मार्क टू मध्ये." मला बाईंचं हे फार आवडायचं.

१९५२ च्या कंपायलरपाशी, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामपाशी, मुलीचा आवाज चढतो. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो असं लोक म्हणत होते आणि हिने मशीनलाच प्रोग्राम जुळवायला लावलं! त्यातूनच पुढे फ्लो-मॅटिक आणि मग कोबोल या प्रोग्रामिंगच्या भाषा. आमच्यातला एक दादा वायटूकेच्या वेळी, म्हणजे २००० साल लागण्याआधी जुन्या प्रोग्राममधल्या तारखा दुरुस्त करायच्या होत्या तेव्हा, कोबोलवरच नोकरीला लागला, तो दरवर्षी पहिल्या रांगेत असतो.

आणि मग ती खिशातून वायर काढते. ११.८ इंच. "एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात, वीज जास्तीत जास्त एवढीच जाते." ग्रेस स्वतः भाषणांत असे तुकडे वाटायच्या, सॅटेलाइटवरून मेसेज यायला वेळ का लागतो हे मोठ्या अधिकाऱ्यांना समजवायला. मुलगी खाली उतरून प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा देते, हॉल एकदम शांत होतो, आणि माझे डोळे दरवर्षी भरून येतात. माझ्याकडे असे नऊ तुकडे आहेत.

यंदा मात्र निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. डान्स झाले, आपापल्या मुलांचे फोटो झाले आणि पालक निघाले. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर "नक्की येतो" म्हणणारेही दिसले नाहीत. मला लागलं ते.

पण ज्यांनी केलं त्यांचे आभार राहायला नकोत. जुनी टेलिफोनची वायर देणारे इलेक्ट्रिशियन काका, पट्टीवर मोजून तुकडे कापणाऱ्या आठवीच्या मुली, कोट शिवून देणाऱ्या मावशी, चहावाल्या काकू, माइक सांभाळणारा दादा, खुर्च्या लावणारे शिपाईमामा, आणि हो, रांगोळीवाल्या दोघी, गेल्या वर्षी त्यांचं नाव घ्यायचं राहिलं होतं. बाई आता रिटायर झाल्यात तरी आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, पुढच्या वर्षी मायक्रोसेकंद, म्हणजे हजार नॅनोसेकंद दाखवू, ९८४ फुटांचं भेंडोळं मैदानावर उलगडायचं. इलेक्ट्रिशियन काकांना मी कालच सांगून ठेवलंय.