इंजिनाने हवा धरली

आमच्या बारामतीकडे कालवा म्हणजे नीरा डावा. त्याला आवर्तन सुटतं, पाटकरी येतो, पाळी लागते आणि पाणी रात्री दोनला आलं तर रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं. त्यामुळे मी इंग्लंडमध्ये कालव्यावरची बोट विकत घेऊन त्यात राहणार आहे हे आईला फोनवर सांगितलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे पाटात राहणार तू? आणि पाणी बंद झाल्यावर?"

इथल्या कालव्यांचं पाणी बंद होत नाही, जवळजवळ वाहतही नाही. अडीचशे वर्षांपूर्वी कोळसा आणि चिनीमातीची भांडी वाहून न्यायला खणलेले हे कालवे. जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरने ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर सात फूट रुंदीची लॉकं (बोट चढउतारावर वर-खाली न्यायला दोन्ही टोकांना दारं असलेले पाण्याचे हौद) बांधली, मध्य इंग्लंडातल्या बऱ्याच कालव्यांनी तेच माप उचललं, आणि म्हणून आजही नॅरोबोट सहा फूट दहा इंच रुंद असते. माझी पन्नास फूट लांब आहे. एसटीचं दीड गाडीचं घर समजा, फक्त एसटीपेक्षाही अरुंद. रग्बी नावाच्या गावात भाडं भरून कंटाळले होते, नोकरी आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसात होती, आणि हिलमॉर्टनच्या लॉकांपाशी फिरायला जाऊन जाऊन डोक्यात किडा शिरला होता. एवढंच कारण.

बोट १९८९ची. घेण्याआधी सर्व्हेअरने पाण्याबाहेर काढून अल्ट्रासाउंडने पत्र्याची जाडी मोजली. पोटाला हात फिरवत डॉक्टर जसा "हं" म्हणतो तसा तो दर फुटाला "हं" म्हणत होता. सगळ्यात पातळ जागी ५.२ मिलिमीटर निघाली. विमेवाले साधारण चारच्या खाली जाऊ देत नाहीत, म्हणजे पास. इंजिनाबद्दल त्याने एकच ओळ लिहिली होती: बीएमसी १.५, जुनं, चालतं. मला त्यातलं फक्त "चालतं" कळलं.

दुसऱ्याच आठवड्यात मागच्या डेकची फळी उचलली तर आत पाणी. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बोटीतून बाहेर जातो तिथून टप, टप, टप. मी बोट बुडतेय असं धरून चालले आणि शेजारच्या बोटीवरच्या आजोबांना हाका मारल्या. ते चहाचा मग घेऊनच आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मिनिटाला किती थेंब?" मी मोजले नव्हते. "मग मोज आधी."

त्या जागेला स्टर्न ग्लँड म्हणतात. दांडा फिरायला हवा आणि पाणी आत यायला नको, म्हणून दांड्याभोवती ग्रीस लावलेल्या सुताच्या दोरीची वेटोळी ठासलेली असतात. इंजिन चालू असताना अधूनमधून थेंब पडला तर बिघडत नाही, पडावाच, नाहीतर ते तापतं. उभ्या बोटीत मात्र नको. त्यासाठी पितळेचा एक ग्रीसर असतो, त्याची मूठ रोज प्रवास संपल्यावर हाताला जड लागेपर्यंत पिळायची. आधीच्या मालकाने ती बहुधा कित्येक महिने पिळलीच नव्हती. आत ग्रीसच नव्हतं. मी ग्रीस भरलं, पिळलं, टपटप थांबली. पुढे उन्हाळ्यात आजोबांच्या देखरेखीखाली वेटोळीही बदलली. दोरीचा तुकडा ४५ अंशात कापायचा, प्रत्येक वेढ्याचा जोड वेगळ्या बाजूला ठेवायचा, दोन्ही नट सारखे आणि पाव-पाव फेरीनेच आवळायचे, मग इंजिन चालवून हात लावून पाहायचं. गरम लागलं तर जास्त आवळलंय. माझं पहिल्यांदा चांगलंच गरम लागलं.

पण खरी शिकवणी झाली ती नोव्हेंबरात.

डिझेलची टाकी मी अर्धी ठेवून दिली होती. थंडीत रिकाम्या जागेतली हवा गारठते, टाकीच्या भिंतींवर दव धरतं आणि ते पाणी डिझेलखाली बसतं. टाकी हिवाळ्याआधी गच्च भरून ठेवायची असते हे सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. एका शनिवारी इंजिन धडधडायला लागलं. फिल्टरच्या काचेच्या वाटीत पाहिलं तर डिझेलखाली पाण्याचा थर. ठीक आहे, फिल्टर बदलू. मधला बोल्ट सोडला, वाटी उतरली, जुना फिल्टर काढला, नवा बसवला, बोल्ट आवळला. अर्धा तास. स्वतःवर खूश होऊन स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, धरलं नाही.

दुपारचे साडेतीन, म्हणजे बारामतीत रात्रीचे नऊ. मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांनी उमेदीत डिझेल अँबॅसडर टॅक्सी म्हणून चालवलेली. फोन इंजिनाकडे वळवला तसे ते क्षणभर गप्प झाले आणि मग एकदम मोठ्याने म्हणाले, "अगं, हे तर माझं इंजान हाय!"

खोटं नव्हतं. हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसडरमध्ये घातलेलं डिझेल इंजिन हे याच बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, १४८९ सीसीचं. इंग्लंडात तेच इंजिन हलक्या गाड्यांसाठी निघालं आणि पुढे बोटींत बसलं. म्हणजे मामा ज्यात सासवडच्या घाटात हात काळे करून बसायचे ते मशीन इथे ऑक्सफर्ड कालव्यावर माझ्या बिछान्यापासून चार फुटांवर होतं, आणि मी सहा महिने त्याला नुसतं "चालतं" म्हणत होते.

"हवा धरलीय त्यानं," मामा म्हणाले. "हवा काढ. पाना कुठला हाय तुझ्याकडं?"

फिल्टर उघडताना डिझेलच्या वाटेत हवा शिरली होती. माझ्याकडे मिलिमीटरचा नवा कोरा सेट होता. एकही पाना नीट बसेना.

"त्यो ठेव बाजूला. ह्येला इंची पाने लागत्यात. नट गोल करून ठेवशील, मग रडशील."

इंची पाने आजोबांकडे मिळाले. मग मामा सांगत गेले आणि मी फोन तेलाच्या डब्याला टेकवून करत गेले. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू अर्धा फेरा सैल. मग बाजूच्या डिझेल पंपाखाली बोटाएवढी मूठ असते ती वर-खाली मारायची. माझी मूठ नुसतीच हलत होती, काही ओढतच नव्हती. "इंजान हाताने थोडं फिरव," मामा. पंप हलवणाऱ्या कॅमचा उंचवटा नेमका पंपाखाली थांबला असेल तर मुठीला मारायला जागाच उरत नाही. थोडं फिरवलं की मूठ धरते. धरली. स्क्रूपाशी पांढरा फेस यायला लागला, ताकावर येतो तसा. फेस संपून नितळ डिझेल येईपर्यंत मारत राहायचं, मग स्क्रू बंद. पुढे इंजेक्शन पंपावरचे स्क्रू, तिथेही तसंच. शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर मारायचा. नळीतून पिचकारी उडाली की आवळायचं.

सगळं केलं. इंजिन पकडलं, वीस सेकंद छान चाललं आणि विझलं. फिल्टरचा स्क्रू सैल केला तर पुन्हा फेस.

आता बाहेर अंधार पडला होता, बोटं बधिर झाली होती, माझा कपाळाला डिझेल लागलेला अवतार बघून मामी मागून "सोड ते, जेव आधी" म्हणत होती. मामा विचार करत होते. मग त्यांनी विचारलं, "जुना वायसर काढलास का?"

"फिल्टरबरोबर नवे आले होते, ते घातले."

"नवे घातलेस. जुना काढलास का?"

मी फिल्टर पुन्हा उतरवला आणि वरच्या झाकणाच्या खाचेत बोट फिरवलं. काहीच लागलं नाही, गुळगुळीत. मग नख घातलं. खाचेला चिकटून बसलेली, चपटी झालेली, काळ्या लोखंडाच्याच रंगाची एक रबरी रिंग सापासारखी बाहेर आली. जुनी. मी नवी तिच्यावरच बसवली होती आणि दोघींच्या मधून इंजिन हवा ओढत होतं. या जातीच्या फिल्टरवर ही चूक इतके जण करतात की आजोबांना सांगितल्यावर त्यांनी हसायचेही कष्ट घेतले नाहीत.

साडेसहाला इंजिन सुरू झालं. मामांनी फोन इंजिनाजवळ धरायला लावला आणि बराच वेळ काही न बोलता ऐकत बसले.

नंतर मी रॉयल यॉटिंग असोसिएशनचा एक दिवसाचा डिझेल इंजिनाचा कोर्सही केला. चांगला असतो, नवीन मालकाने जरूर करावा. पण हवा काढायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी मलाच पुढे केलं.

बाकीच्या भानगडी थोडक्यात. बॅटऱ्यांचा पहिला संच मी चार महिन्यांत मारला, कारण मोबाइलसारखा पार संपेपर्यंत वापरला. साध्या बॅटरीचे १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण आणि १२.२ म्हणजे अर्धी, आणि अर्ध्याच्या खाली न्यायची नाही. संडासच्या कॅसेटबद्दल, म्हणजे मैला साठतो त्या डब्याबद्दल, इतकंच की ती रिकामी करायला वाऱ्याची दिशा बघून जावं. दर चार वर्षांनी बोटीचं सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. त्यात मी पहिल्या खेपेला नापास झाले, कारण गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाचं भोक गंजाने बुजलं होतं. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर त्या भोकातून बाहेर पडायला हवा, नाहीतर वाटीत पाणी साचावं तसा बोटीत साचतो. एका स्क्रूड्रायव्हरचं काम होतं. आधीच्या मालकाला शिव्या घातल्या आणि मग आठवलं की मालक होऊन मलाच वर्ष झालं होतं.

ब्लॅकिंगची मात्र मी वाट बघत होते. बोटीच्या पोटाला दर दोन-तीन वर्षांनी डांबरी रंग द्यावा लागतो, नाहीतर पत्रा गंजतो. ब्राउनस्टनला ड्राय डॉकमध्ये बोट आत घेतली, मागे दार लागलं, पाणी उतरत गेलं आणि बोट हळूच ठोकळ्यांवर बसली. ज्या घरात झोपते त्याच्या पोटाखाली उभं राहून वर बघायचं, हा प्रकार विचित्र आहे. शेवाळ, शिंपले, आणि एका ठिकाणी मी दगडाला घासल्याचा लांब ओरखडा, ज्याबद्दल मी कोणाला सांगितलं नव्हतं. जोराच्या फवाऱ्याने धुऊन, खरवडून, रोलरने तीन हात दिले. पाण्याच्या रेषेपाशी जास्त, कारण तिथे हवा आणि पाणी दोन्ही लागतं. वास अगदी आमच्या गावच्या रस्त्याच्या कामाचा. पोटाला मॅग्नेशियमचे चार गोळे वेल्ड केलेले असतात. पोलादाऐवजी ते झिजतात, म्हणून लावायचे. माझ्यातला एक पार खाऊन बोराच्या बीएवढा उरला होता. तो फोडून नवा लावून घेतला. जुना अजून खिडकीत ठेवलाय.

एक फजिती राहिली. मागच्या बाजूला पंख्याच्या बरोबर वर एक चौकोनी विहीर असते, वीड हॅच. पंख्यात काही अडकलं की इंजिन बंद करायचं, किल्ली काढून खिशात घालायची, झाकण उघडायचं आणि गार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालायचा. पहिल्यांदा मी ताडपत्रीचा तुकडा आणि मासे धरायच्या गळाची दोरी असं काढलं, विजयी मुद्रेने झाकण ठेवलं आणि निघाले. ठेवलं, आवळलं नाही. पंखा फिरला की पाणी त्या विहिरीतून वर चढतं आणि थेट इंजिनाच्या खोलीत पडतं. बोटी अशा खरंच बुडतात. आजोबा काठावरून ओरडले म्हणून कळलं. तोवर आत वीतभर पाणी होतं. संध्याकाळभर पंप चालवला. मामांना हे सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

गेल्या ऑगस्टमध्ये पहिला लांबचा प्रवास केला, ब्राउनस्टनहून ग्रँड युनियन कालव्याने लंडनकडे. ब्रेंटफर्डपर्यंत १०२ लॉकं. इथली लॉकं चौदा फुटी, म्हणजे दोन बोटी शेजारीशेजारी मावतात, आणि अनोळखी माणसाशी दार उघडेपर्यंत गप्पा होतात. वेग जास्तीत जास्त ताशी चार मैल. काउली लॉकनंतर बराच वेळ लॉक नाही, म्हणून मी निवांत चहा पीत होते, तेवढ्यात इंजिनाचा आवाज जड झाला आणि बोट रेंगाळली. साउथॉल जवळ आलं होतं.

काठाला लावली. इंजिन बंद, किल्ली खिशात, हात पाण्यात. पंख्याला गुंडाळलेलं लाल कापड आलं, जरीच्या काठाचं. आणि ते सोडवत असताना बोटीच्या बाजूला काहीतरी टक्क वाजलं. नारळ. शेंडीसकट, त्यावर नाडा बांधलेला, पाण्यात डुलत होता. पुढे अजून दोन होते. साउथॉलच्या लोकांना गंगा लांब आहे, ग्रँड युनियन जवळ. नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते.

मी नारळ आणि कापड हातात धरून फोटो काढला आणि मामांना पाठवला. म्हटलं, आता काहीतरी बोलतील.

दोन मिनिटांनी उत्तर आलं: "झाकण आवळलंस का?"

आवळलं नव्हतं.