हिरांच्या जुड्या आणि हातच्याची वजाबाकी

आपल्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाईंनी आमच्या पिढीला गणिताची जी गोडी लावली, तिचे मूळ त्यांच्या टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात होते. माडाच्या झावळ्यांचे हीर काढून त्यांचे वीतभर लांबीचे तुकडे त्यांनी त्यात जपून ठेवले होते. सुटा हीर म्हणजे एकक, सुंभाने बांधलेली दहा हिरांची जुडी म्हणजे दशक. ५२ मधून १७ वजा करताना पाच जुड्या आणि दोन सुटे हीर समोर येत. दोनांतून सात जात नाहीत हे कळले की आम्हीच एक जुडी सोडत असू, बारा सुट्यांतून सात बाजूला काढत असू आणि उरलेल्या चार जुड्यांतली एक उचलून ३५ हे उत्तर हातात धरत असू. हातचा म्हणजे काय, हे त्यानंतर कोणी समजावून सांगावे लागले नाही.

शिंपल्याही होत्या, पण त्या पाच-पाचच्या दोन ओळींतच मांडायच्या, असा बाईंचा आग्रह असे. त्यामुळे सात म्हणजे पाच आणि दोन, आणि दहाला तीन कमी, हे न मोजताच दिसे.

पुढे मी स्वतः प्राथमिक शिक्षिका झाले, तेव्हा कोकण किनाऱ्यावरील बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून परिसरातील वस्तूंमधून बालशिक्षणाची साधने घडवल्याचे वाचले, आणि बाईंचे काम किती भक्कम परंपरेतले होते, हे उमगले. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात कृती, चित्र आणि चिन्ह अशा ज्ञानाच्या तीन रूपांची मांडणी केली. यांतील चित्राची पायरी आज वर्गात सर्वाधिक घाईने ओलांडली जाते, असे माझे ठाम मत आहे. भिंतीवरचे रंगीत तक्ते ती उणीव भरून काढत नाहीत, कारण ते चित्र मुलाने काढलेले नसते. बाई आम्हाला पाटीवर जुडीसाठी उभी रेघ आणि सुट्या हिरासाठी ठिपका काढायला लावत. जुडी सोडायची झाली की रेघ पुसून तिच्या जागी दहा ठिपके द्यायचे. कित्येक दिवस हे चालल्यावरच आकडे एकाखाली एक मांडले जात, आणि ज्याला अजून हीर हवे असत, त्याच्यासाठी डबा उघडाच राही.