लाईट माय फायर: डाव्या हाताचा अपडेट

तर मंडळी, द डोअर्स या अमेरिकन रॉक बँडच्या लाईट माय फायर गाण्याचा इंट्रो बसला एकदाचा. तो फेमस ऑर्गनचा तुकडा ऐकायला जेवढा भयंकर वाटतो तेवढा नाहीये हो, आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर जी, डी हे कॉर्ड्स (एकत्र दाबलेले सूर) झाले की पांढरी चार, काळी पाच, काळी दोन, काळी चार, म्हणजे दरवेळी मध्यमाला सा करून पुढे सरकायचं आणि शेवटी पांढरी सहावर येऊन थांबायचं, की तिथून मॉरिसन ए मायनरमध्ये गायला लागतो. जर्मन संगीतकार बाखच्या वळणाचा म्हणतात तो हाच.

खरी वाट लागते पुढे, सोलोत, म्हणजे गाणं थांबून नुसतं वाजवण्याच्या लांब तुकड्यात. या बँडमध्ये बेसवाला, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा, नव्हताच. त्यांचा कीबोर्डवाला रे मॅन्झारेक उजव्या हाताने व्हॉक्स कॉन्टिनेन्टल ऑर्गन वाजवायचा आणि त्याच्यावरच ठेवलेल्या छोट्या फेंडर ऱ्होड्स पियानो बासवर डाव्या हाताने बेस. रेकॉर्डवर बाहेरून बोलावलेल्या लॅरी नेक्टेलने बेस गिटार भरलीये ते वेगळं, पण स्टेजवर सगळं डाव्या हातावर. आणि आपला डावा हात आयुष्यभर भाता मारण्यात गेलेला! त्याला पट्टी म्हणजे काय हेच माहीत नाही.

म्हणून सध्या उजवा हात बंद. ए मायनर, बी मायनर, ए मायनर, बी मायनर, एवढ्याच दोन कॉर्ड्सवर अख्खा सोलो उभा आहे (जॅझ सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेनच्या माय फेव्हरिट थिंग्जवरून सुचलेलं, फक्त तिथे तीनचा ठेका आणि इथे चारचा). डाव्याने नुसतं सा-प, सा-प, मेट्रोनोम 90 वर, आणि बाजूला कुणाशी तरी गप्पा मारायच्या. गप्पा मारताना ठेका हलला नाही तरच उजवा हात लावायचा. कंटाळवाणं आहे, पण काम करतंय, आता चार-चार सुरांचे छोटे तुकडे वर टाकता येतात, लांब तान घेतली की मात्र डावा हात लगेच उजव्याच्या मागे पळतो.

साउंडबद्दल एक, कीबोर्डचा टच रिस्पॉन्स बंद करा. व्हॉक्सवर जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच, त्यामुळे जोर द्यायचा तर सूर लांबवून किंवा तोडूनच द्यावा लागतो. पेटीवाल्याला भात्याशिवाय हे जरा अवघडच जातं.

आणि जुन्या रेकॉर्डिंगसोबत वाजवताना सूर जुळत नसेल तर कीबोर्डला शिव्या देऊ नका, 1967 चा अल्बम मुळात थोडा स्लो छापला गेला होता, जवळजवळ अर्धा सूर खाली. 2007 च्या आवृत्तीत इंजिनिअर ब्रूस बॉटनिकने स्पीड सुधारला, ती घ्या. आणि सात मिनिटांचीच घ्या! रेडिओसाठी सोलो कापून केलेली तीन मिनिटांच्या आतली सिंगल त्या जुलैमध्ये अमेरिकेत नंबर एकला गेली खरी, पण सोलो काढल्यावर आपल्या कामाचं उरतं काय त्यात?

क्रीगरचा गिटार सोलो चालू असताना मागे ऑर्गन काय करतो ते आता कान लावून उतरवतोय. कुणाकडे व्हॉक्ससारखा किंचित चिरका ऑर्गन पॅच (कीबोर्डमधला तयार आवाज) असेल तर सांगा, माझ्याकडचे सगळे चर्चमधले वाटतात.